पी. बाळू मार्ग, प्रभादेवी: हा बाळू बॉलिंग कशी टाकायचा?

डावखुरा_दादर | शनिवार, सकाळी ९:१०

परवा प्रभादेवीला मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, टॅक्सीवाल्याला म्हटलं पी. बाळू मार्ग, तर तो म्हणे बिल्डिंगचं नाव सांगा साहेब, मार्गाचं नाव कोण लक्षात ठेवतं. बरोबर आमचे चिरंजीव, वय ११. पाटी वाचून विचारतो, "बाबा, पी म्हणजे काय?" म्हटलं पालवणकर. "कोण होते?" क्रिकेटर. "कुठल्या टीमचे?" इथे मी अडखळलो. हिंदूंच्या टीमचे, असं सांगितलं तर तो विचित्र नजरेने बघायला लागला. मग मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की ते चर्मकार समाजातले होते, मॅचमध्ये टी झाली की बाकीचे टीममेट पॅव्हेलियनमध्ये आणि यांना चहा बाहेर, मातीच्या बोळक्यात, पिऊन झाला की फेकून द्यायचं. पोरगं गप्प झालं. दोन मिनिटांनी म्हणतो, "हो पण ते बॉलिंग कशी टाकायचे?"

आणि मला सांगता येईना!! मी स्वतः डावखुरा स्पिनर, गेली अठरा वर्षं ऑफिस टूर्नामेंटमध्ये मार खातोय. बाळूही डावखुरा स्पिनर. बोळकं मला पाठ आहे आणि बॉल माहीत नाही.

तर जाणकारांनी लिहा. जातीचा विषय नको असं अजिबात म्हणत नाहीये, पण सुरुवात बॉलपासून करूया.

---

गोट्या_सोलापूर | शनिवार, ९:३१

छान धागा. वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.

---

सनावळी | शनिवार, १०:०५

आकड्यांपासून सुरुवात करतो, मला तेवढंच येतं.

फर्स्ट क्लास ३३ मॅच, १७९ विकेट, ॲव्हरेज (म्हणजे दर विकेटमागे दिलेले रन) १५.२१. यातल्या बऱ्याच मॅच तिशी ओलांडल्यावरच्या आहेत हे लक्षात घ्या. १९११ ला पहिली ऑल इंडिया टीम इंग्लंडला गेली, कॅप्टन पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग (वय जेमतेम विशीचं, आणि त्यांना क्रिकेटपेक्षा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाची कामं जास्त). टीमची एकूण कामगिरी यथातथाच, २३ पैकी ६ जिंकल्या, १५ हरल्या. त्या पडक्या टीममधून बाळूंनी सगळ्या मॅच धरून ११४ विकेट काढल्या, ॲव्हरेज १८.८४. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एका इनिंगमध्ये १०३ रन देऊन ८ विकेट. आणि हे खांदा दुखत असताना.

त्यांना 'भारताचा ऱ्होड्स' म्हणायचे. विल्फ्रेड ऱ्होड्स हा यॉर्कशायरचा डावखुरा स्पिनर, त्या काळातला मापदंडच. म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे: स्लो लेफ्ट आर्म, ॲक्शन सहज, टप्पा हलायचा नाही, बॉल दोन्हीकडे काढता यायचा आणि वेग बदलत राहायचा.

रच्याकने, त्याच टूरवर भाऊ शिवराम पण होते. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ करून एका विकेटने मॅच काढली. लोक बाळूंचंच नाव घेतात, पण बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल हे चारही भाऊ हिंदूंकडून खेळलेत.

---

चिमणी_चिवचिव | शनिवार, १०:४८

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारते. हिंदूंची टीम, पारशांची टीम हे काय प्रकरण होतं? आणि ही सगळी जमात एकमेकांशी खेळायची कुठे?

---

सनावळी | शनिवार, ११:०२

@चिमणी, थोडक्यात: आधी मुंबईत युरोपियन विरुद्ध पारशी अशा मॅच व्हायच्या. १९०७ पासून हिंदू आले की तिरंगी, १९१२ ला मुस्लिम टीम आली की चौरंगी, १९३७ ला 'रेस्ट' म्हणून ख्रिश्चन वगैरे उरलेल्यांची टीम आली की पंचरंगी. १९४६ च्या सुमारास बंद. मरीन ड्राइव्हला ओळीने पारशी, इस्लाम, हिंदू जिमखाने दिसतात ना, ते याच समाजांचे.

---

खडकीचा_बंड्या | शनिवार, १२:२०

पुण्याचा भाग राहिला की. बाळू पुण्यात घडले, मुंबईने ऐनवेळी पाटी लावली 😀

जन्म धारवाडचा, मूळ कोकणातले, वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत. पोरगं पहिल्यांदा कामाला लागलं पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर पिच झाडणं, रोलर फिरवणं, आणि मेंबर लोकांना हुक्की आली की त्यांना चार बॉल टाकणं. पगार महिना ३ रुपये. तिथून गोऱ्यांच्या पूना क्लबात, तिथे ४ रुपये. नेट बांधा, पिच आखा, रोलर मारा, टेनिस कोर्टंही बघा.

आता मजा. तिथे जे. जी. ग्रेग म्हणून एक साहेब होता, सगळे त्याला 'जंगली' ग्रेग म्हणायचे. बुटका, पण बॅट्समन म्हणून तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या गोऱ्यांत नंबर एक. हा रोज बाकीचे यायच्या तासभर आधी ग्राउंडवर हजर आणि बाळूला म्हणायचा टाक. आणि म्हणे दर वेळी आऊट झाला की आठ आणे द्यायचा.

हिशोब करा. पगार ४ रुपये. आठवड्यातून एकदाच ग्रेगला काढला तरी महिन्याला २ रुपये. म्हणजे थेट दीडपट पगार. अख्ख्या हिंदुस्थानातला सगळ्यात चांगला बॅट्समन रोज तासभर समोर उभा आणि त्याचा दांडा उडवला तर संध्याकाळच्या भाजीची सोय. यापेक्षा चांगली ॲकॅडमी कुठली? तुमची ती लाखभर फी घेणारी?

---

डावखुरा_दादर | शनिवार, १२:४१

बंड्या, हे भारी आहे, हे पोराला सांगतो.

---

मीरा_वाकडेवाडी | शनिवार, १३:१५

बंड्याशेठ, गोष्ट भारी आहे पण तुम्ही अर्धीच सांगितलीत. पूना क्लबात एवढी वर्षं शेकडो तास बॉलिंग टाकली, त्यात बाळूंना एकदाही बॅट हातात दिली नाही. एकदाही नाही. बॉलिंग म्हणजे नोकराचं काम, बॅटिंग म्हणजे साहेबाचा खेळ. ग्रेग ॲकॅडमी नव्हता काढून बसला, त्याला फुकटात (बरं, आठ आण्यात) बॉलिंग मशीन मिळालं होतं. ग्रेगसाहेबाची दानत म्हणून गोष्ट सांगितली जाते त्याचा मला राग येतो. ती मजुरी होती, पीस रेटवरची.

---

खडकीचा_बंड्या | शनिवार, १३:२८

मी दानत म्हटलंच नाही ताई. पण ग्रेगचं एक मानावं लागेल. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं आणि बाळूला टीममध्ये घ्यायचं की नाही यावर त्यांच्यात खल चालला होता, काही ब्राह्मण मेंबर अडून बसलेले. तेव्हा ग्रेगनेच पेपरवाल्यांना सांगितलं की या माणसाला बाहेर ठेवलं तर हिंदू मूर्ख ठरतील. आपल्याच टीमची वाट लावणारा बॉलर समोरच्यांनी घ्यावा म्हणून. असो. पुढे म्हातारपणी हा गडी कॅथलिक पाद्री झाला, अवांतर.

---

मीरा_वाकडेवाडी | शनिवार, १३:३५

ग्रेगला जो बॉलर नेटमध्ये फुकट मिळत होता तो मॅचमध्ये पण समोर खेळायला हवा होता, एवढाच अर्थ 😛 बरं, ते सोडा, चालू द्या.

---

रोलरवाला | शनिवार, १७:५०

या साइटवर पाच वर्षं नुसता वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय, चूकभूल माफ करा.

माझे वडील तीस वर्षं एका जिमखान्यावर माळी होते (नाव नको). मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर ग्राउंडवर. तुम्ही सगळे म्हणताय बाळू रोलर ओढायचे आणि बिचारे म्हणताय. मला वेगळंच दिसतं.

पिच म्हणजे काय हे रोलर ओढणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं खेळणाऱ्याला नाही कळत. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी अंगठा दाबून बघायचा. ठसा उमटला पाहिजे पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. चिकटली की अजून थांबा, ठसाच उठला नाही की उशीर झाला. मग रोलर, घाई न करता, जाऊन येऊन. पिचच्या मधला भाग लवकर सुकतो, एखादा कोपरा ओला राहतो, कुठे मातीत वाळू जास्त पडलेली असते. वडील वरून नुसतं बघून सांगायचे की आज या टोकाकडून, या टाइलएवढ्या जागेत पडला तर चावणार. चावणार हा त्यांचाच शब्द, बॉल धरतो त्याला ते चावतो म्हणायचे. आणि दुपारी खरंच चावायचा. पण त्यांना बॉल कोणी दिला नाही.

बाळूंना बॉल मिळाला. जो माणूस पंधरा सोळाव्या वर्षापासून रोज सकाळी ती माती पायाखाली घेतो, पाणी मारतो, दाबून बघतो, आणि लगेच त्याच पट्टीवर तासभर बॉल टाकतो, त्याला टप्पा कुठे टाकायचा हे कोच सांगेल का? माझं तरी मत आहे की त्यांची अर्धी बॉलिंग रोलरमधून आली. हे कुठे लिहिलेलं नाही, माझा अंदाज आहे.

---

डावखुरा_दादर | शनिवार, १८:२२

दंडवत. यासाठीच धागा काढला होता.

मी अठरा वर्षात एकदाही पिचला हात लावून बघितलेला नाही. टॉस झाला की कॅप्टन उगाच वाकून चावी खुपसतो आणि 'चांगलं आहे' म्हणतो.

---

सनावळी | शनिवार, १९:००

रोलरवाला यांच्या मुद्द्याला जोडून साताऱ्याचा किस्सा. पुण्याची हिंदूंची टीम साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध खेळायला गेली. बाळूंची कीर्ती आधीच पोचलेली. म्हणून यजमानांनी ग्राउंड्समनला सांगून पिचवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला, की स्पिन मरून जावा, पट्टी सिमेंटसारखी व्हावी. बाळूंनी ७ विकेट काढल्या आणि मॅच आरामात जिंकली.

आता हे रोलरवाल्यांच्या चष्म्यातून बघा. रोलरची भीती कोणाला दाखवताय.

---

रोलरवाला | शनिवार, १९:१४

हा हा हा. आठवडाभर रोलर मारला की पट्टीवर तकाकी येते, बॉल घसरून सरळ आत येतो. वळणाऱ्या बॉलसाठी बॅट लावून बसलेला माणूस तिथेच फसतो. नक्की तेच झालं असणार असं नाही म्हणत, पण दिसतंय डोळ्यासमोर.

---

अक्कलकोटे_काका | शनिवार, २१:४०

मॅच जिंकल्यावर काय झालं तेही लिहा की लोकहो. तिथून परत आल्यावर पुण्यात सत्कार झाले, न्यायमूर्ती रानडे म्हणाले की त्याच्याबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर जेवायलाही बसलं पाहिजे. म्हणजे १९०१ च्या आधीची गोष्ट. ७ विकेट घेतल्यावर चहाचा कप मिळायची चर्चा सुरू झाली. ६ घेतल्या असत्या तर?

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला आलं, मग बीबीसीआय रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. तिथेही काही मेंबरांनी खळखळ केलीच. १९०६ ला बॉम्बे जिमखान्याच्या ग्राउंडवर हिंदूंनी युरोपियनांना १०९ रनांनी हरवलं (२४२ आणि १६० विरुद्ध १९१ आणि १०२). बंगालच्या फाळणीने वातावरण तापलेलं, त्याआधीच्या वर्षी जपानने रशियाला लोळवलेलं, आणि इथे ही मॅच. पुढच्या वर्षी परत, २३८ रनांनी. दोन्ही वेळा टीममध्ये बाळू.

आणि कॅप्टनसी? कधीच नाही. एम. डी. पै हे कॅप्टन होते, त्यांनी स्वतः एका समारंभात जाहीर सांगितलं की हा मान माझ्या मित्राचा, बाळूचा होता, तो माझ्यापेक्षा सीनियर आहे.

---

लोणंदचा_अभ्या | शनिवार, २२:०५

काका, १९२० राहिलं. त्या वर्षी चौरंगीत बाळूंना टीममधून वगळलं. वय झालं होतं, पंचेचाळीसच्या आसपास, ते एक वेळ मान्य करू. पण पै पहिल्या मॅचला नव्हते आणि कॅप्टनसी विठ्ठल सोडून दुसऱ्याकडे गेली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी टीममधून अंग काढून घेतलं आणि कारण उघड सांगितलं, जात. १९२० साली! स्टार प्लेअर बाहेर बसल्यावर मुंबईत गदारोळ. फायनलला पारशांविरुद्ध तिघेही परत, बाळू व्हाइस कॅप्टन. आणि मॅच चालू असताना पै मुद्दाम ग्राउंडबाहेर गेले, की तेवढा वेळ तरी बाळूंनी टीम चालवावी.

तेवढीच ती कॅप्टनसी. १९२३ ला विठ्ठल कॅप्टन झाले आणि युरोपियनांना हरवून कप आणला, पब्लिकने खांद्यावर घेतलं. धाकट्याला मिळालं. घरात मोठ्या भावाला काय वाटलं असेल हे मला नेहमी वाटतं, मी पण तिघांत थोरला आहे.

---

चिमणी_चिवचिव | शनिवार, २२:३०

त्या पैंचं ग्राउंडबाहेर जाणं डोक्यातून जात नाहीये. बाहेर जाऊन काय केलं असेल? चहा प्यायला?

---

निळी_पहाट | रविवार, ८:१५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक प्रश्न. हेच बाळू १९३७ ला मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते. त्याचं काय? बाबासाहेबांना १३,२४५ मतं, यांना ११,२२५. दोन हजार मतांनी वाचलो. काँग्रेसला बाबासाहेबांना पाडायला दलित चेहरा हवा होता, सगळ्यात लोकप्रिय चेहरा उचलला. हे त्यांना कळलं नसेल?

---

मीरा_वाकडेवाडी | रविवार, ८:५२

निळी पहाट, प्रश्न रास्त आहे, टाळायला नकोच. पण 'उचलला' हा शब्द खटकतो. बाळू तेव्हा साठीचे होते, कोणी उचलायला कुक्कुलं बाळ नव्हते. १९३२ ला पुणे कराराच्या बाजूने ते आणि मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा ठाम होते, करारावर बाळूंची सही आहे. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नव्हती. त्यांचं मत होतं की आत राहून बदलता येतं. मला विचाराल तर बाबासाहेबांचं बरोबर होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर बघितलं की एकेक मॅच जिंकली की एकेक दार थोडं उघडतं, आधी टीम, मग टेबल, मग व्हाइस कॅप्टनसी, त्याला तसंच वाटणार ना? त्याचा अनुभवच तसा होता.

---

निळी_पहाट | रविवार, ९:२०

दारं उघडली ती ११४ विकेट घेणाऱ्याला. ज्याला बॉल टाकता येत नाही त्याचं काय? नेमका हाच बाबासाहेबांचा मुद्दा होता. बाकीच्यांनी किती विकेट घेतल्यावर विहिरीवर पाणी भरायचं?

---

मीरा_वाकडेवाडी | रविवार, ९:२७

याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं बरोबर आहे.

---

अक्कलकोटे_काका | रविवार, १०:१०

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की १९११ ला इंग्लंडहून परत आल्यावर अस्पृश्य समाजाने मुंबईत बाळूंचा सत्कार केला, त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलेलं आहे. तेव्हा ते कॉलेजात, विशीचे. बाळू त्यांच्या पिढीचा हिरो. पंचवीस वर्षांनी दोघं समोरासमोर, आणि दोघांचेही मतदार एकच.

बाळू १९५५ ला गेले. १९५६ च्या दसऱ्याला नागपूरला काय झालं ते त्यांनी बघितलं नाही.

---

गोट्या_सोलापूर | रविवार, १०:१४

खुर्चीवरून उठलो नाहीये अजून.

---

निळी_पहाट | रविवार, १०:४०

काका, हे मानपत्राचं वाचून थोडं गार वाटलं. माझे आजोबा मिलमध्ये होते, परळला, ३७ चं मतदान त्यांच्या वडिलांनी बघितलेलं. घरात बाळूंचं नाव निघालं की पणजोबा म्हणायचे, "मत बाबाला, टाळ्या बाळूला." म्हणजे मॅच असली की जायचे, शिट्ट्या मारायचे, आणि मत द्यायची वेळ आली की सरळ बाबासाहेब. त्यांना त्यात काही अडचण वाटली नाही. मलाच वाटते बहुतेक.

---

डावखुरा_दादर | रविवार, ११:३०

'मत बाबाला, टाळ्या बाळूला' 🙏 निळी पहाट, हे धाग्याच्या पहिल्या पानावर चिकटवायला पाहिजे.

काल रात्री पोराला आठ आण्यांचं गणित सांगितलं. लगेच बॅट घेऊन हॉलमध्ये उभा, म्हणतो तू टाक, आऊट केलंस की मी तुला दहा रुपये देतो. दोनदा बोल्ड काढला (प्लास्टिक बॉल, पण टप्पा पडून बाहेर गेला, साक्षीदार म्हणून बायको होती). पैसे अजून मिळालेले नाहीत. मग म्हटलं आता मी बॅटिंग करतो. तर म्हणे, "बाबा, बाळूंना कुठे दिली होती?"

@रोलरवाला, ते अंगठ्याचं प्रत्यक्ष दाखवाल का कधी?

---

रोलरवाला | रविवार, १२:०५

दाखवतो की. मी आता दुसऱ्या एका ग्राउंडवर वडिलांचंच काम करतो. शनिवारी मॅच असली की शुक्रवारी संध्याकाळी पाणी, शनिवारी सहाला रोलर. साडेपाचला या, पोराला पण आणा. चपला नको, अनवाणी कळतं. एक माणूस गावी गेलाय, रोलर ओढायला हात लागतीलच.

---

डावखुरा_दादर | रविवार, १२:०९

आलो समजा. रोलर ओढल्यावर बॅटिंग मिळणार का?

---

रोलरवाला | रविवार, १२:११

आधी पाणी मारता येतंय का बघू.